ठसा मुलाचा, शिवण आपली

जुळे सोलापुरातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच. दोघांच्या हातच्या वस्तू जपून ठेवाव्यात असं तिला फार वाटतं. मिठाच्या कणकेत पावलांचे ठसे घेतले, ते पावसाळ्यात ओले होऊन बुरसले. चित्रांची वही माळ्यावर ठेवली, तिची पानं एकमेकांना चिकटली. सासूबाई म्हणतात, आता पसारा पुरे. मग घरच्या घरी असं काय करावं की जे मुलं मोठी झाल्यावरही हातात धरता येईल?

ताई, मी ३२ वर्षं बालवाडी चालवली. आता दर शनिवारी घरीच मुलं आणि त्यांच्या आया मिळून शिवण-मातीकाम करतात, त्यांच्यात बसते. तुमच्या दोन्ही वस्तू का बिघडल्या ते पुढे सांगते. आधी कामाची वाटणी सांगते, कारण ती चुकली की चांगलं सामान आणूनही उपयोग होत नाही. उमटवायचं काम मुलाचं: ठसा, रेघ, रंग, कुठला तुकडा कुठे लावायचा ते. टिकवायचं काम आपलं: धुणं, सुकवणं, शिवणं, भाजून आणणं, तारीख घालणं. आपण मुलाच्या कामात हात घातला की वस्तू सुबक होते, पण तिच्यात मूल उरत नाही.

हे मी स्वतःच्या घरात शिकले. माझ्या मुलाने चार वर्षांचा असताना वडिलांचं चित्र काढलं होतं. हात थेट डोक्यातून निघालेले आणि एका हाताला सात बोटं. मी ते उशीच्या अभ्र्यावर उतरवून घेताना हात खांद्याला जोडले आणि बोटं पाच केली. भरतकाम इतकं नीट झालं की पाहुणे विचारायचे, कुठून आणलं? आज मुलगा तिशीत आहे आणि तो अभ्रा त्याला ओळखूसुद्धा येत नाही. त्याच वर्षी त्याने बारदानाच्या तुकड्यावर बोथट सुईने तीन वाकडे टाके घातले होते. तो तुकडा मात्र तो पुण्याला स्वतःच्या घरी घेऊन गेला. त्या सात बोटांचं मला अजून वाईट वाटतं.

आता मिठाच्या कणकेकडे येते. प्रमाण सगळीकडे तेच सांगतात: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसं, साधारण पाऊण वाटी पाणी. ते बरोबर आहे. अडचण मिठाची आहे. मीठ हवेतला ओलावा ओढतं. आपल्याकडे डिसेंबर ते मे हवा कोरडी असते, तेव्हा ठसा दगडासारखा वाटतो, आणि मृग लागला की त्याला घाम फुटतो. आतून पुरता वाळला नसेल तर बुरशी येते. वरून वार्निश मारलं आणि मागची बाजू तशीच सोडली तरी तेच होतं. शिवाय भर उन्हात ठेवलात तर वरची पापुद्री आधी वाळते, आतलं ओलं राहतं आणि तडा जातो. म्हणून मी मिठाची कणीक खेळायला देते, जपायला नाही. तरी करायचीच असेल तर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड लाटू नका. आधी दोन दिवस सावलीत उलटसुलट करून वाळवा, मग ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, आणि गार झाल्यावर दोन्ही बाजूंनी आणि कडेनेही वार्निशचे दोन हात द्या. एक काळजी मात्र घ्याच. या कणकेत मीठ इतकं असतं की अडीच वर्षांच्या मुलाने गोळाच्या गोळा खाल्ला तर ते धोक्याचं आहे. चाटून थुंकलं तर घाबरायचं कारण नाही, पण मुलाला तिच्यासोबत एकटं सोडू नका. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा.

जपायचा ठसा मातीत घ्या आणि भाजून घ्या. शेतातली काळी माती आणू नका. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात आपल्या रानाला ज्या भेगा पडतात त्याच ठशाला पडतात. कुंभार वेशीकडे किंवा तुमच्या भागातल्या कुणा कुंभाराकडे मळलेली माती मिळते. दोन ठशांना किलोभर पुरते. भाकरी थापतो तशी थापा, पण जाडी बोटाएवढी, म्हणजे एक सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. मातीत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. मुलाचा तळवा ठेवून वरून एकेक बोट आपल्या बोटाने हलकेच दाबा. अडीच वर्षांचं मूल मूठ आवळतं. त्यावर उपाय म्हणजे त्याला आधी दहा मिनिटं नुसतं मातीत खेळू द्यायचं. माती ओळखीची झाली की हात आपोआप उघडतो. झोपलेल्या मुलाचा ठसा घेऊ नका असं माझं मत आहे, कारण त्यात ठसा असतो पण मुलाचं करणं नसतं. भोक पाडायचं असेल तर आत्ताच, पेन्सिलीने. नाव आणि तारीख मागच्या बाजूला खिळ्याने कोरा. वाळवताना वर ओलसर फडकं टाका, रोज उलटवा, आठ-दहा दिवस सावलीतच ठेवा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची झळ कडा वर उचलते, म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत करा. पुरतं वाळल्याशिवाय भाजायला देऊ नका. आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन ठसा भट्टीत फुटतो. कुंभारदादांना आधी विचारून ठेवा, आवा लावतील तेव्हा मडक्यांबरोबर तुमच्या दोन चकत्या ठेवून देतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे हिरमोड होणार नाही. माती वाळताना आणि भाजताना आकसते, साधारण दहाव्या हिश्शाने. हाती येणारा ठसा तुमच्या मुलाच्या त्या दिवशीच्या हातापेक्षाही लहान असतो. माझ्याकडच्या एका आईने तो हातात घेतला आणि म्हणाली, हा तर बारशाच्या वेळचा हात वाटतोय.

प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दल इशारा द्यायलाच हवा. पाण्यात कालवल्यावर घट्ट होताना ते तापतं, जाड थर असेल तर ६० अंशांपर्यंत. मुलाचा हात किंवा पाय थेट प्लास्टरमध्ये कधीही बुडवू नका. भाजतं, आणि तोवर घट्ट झालेलं असल्यामुळे हात पटकन निघतही नाही. ठसा मातीत घ्यायचा, मुलाला बाजूला करायचं आणि मग त्या खळग्यात प्लास्टर ओतायचं. बाजारातल्या संचांमध्ये हात बुडवायला अल्जिनेट देतात, दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती पावडर. हात त्यातच घालायचा आणि काढल्यावर प्लास्टर ओतायचं. संचात दोन पुड्या असतात. कुठली कशाची ते नीट वाचल्याशिवाय फोडू नका.

पण मला विचाराल तर सोलापुरात राहून मातीच्या मागे फार लागूच नये. आपलं गाव कापडाचं. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली आणि त्याआधीही पेठांमधून हातमाग होतेच. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत पाच वर्षांच्या पोरीला कांडी, म्हणजे मागावरच्या दोऱ्याची नळी, कशी भरतात ते कुणी शिकवत नसे, ती बघून शिकत असे. कापड पडलं तर फुटत नाही, ओलं झालं तर वाळतं, घडी करून कपाटात मावतं. तुमच्या दोघांसाठी मी कापडच सुचवेन, आणि तेही घरातलं.

अडीच वर्षांच्या मुलासाठी हाताचा छाप. पांढरी पॉपलीन किंवा जुनी सुती चादर घ्या. कोऱ्या कापडात खळ असते, ती दोनदा धुऊन काढा, नाहीतर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात जातो. कापडाचा रंग, ज्यावर मुलांसाठी सुरक्षित असं लिहिलेलं आहे तोच, स्पंजाच्या तुकड्याने तळव्यावर पातळ लावा. हात वाटीत बुडवू नका, छापाचा ठिपकाच होतो. पहिले दोन छाप वर्तमानपत्रावर, तिसरा कापडावर. लगेच हात धुवा. २४ तास वाळू द्या आणि मग उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवा. टॉवेलवर छाप घेऊ नका, कितीही मऊ वाटला तरी. त्याच्या फाशांमध्ये रंग पसरतो आणि बोटं बोटांत मिसळतात. बऱ्याच घरांत हळदीचा हात उमटवतात. तो दारावर छान दिसतो, पण जपायच्या कापडावर नको. हळद उजेडात उडते, आणि साबण लागला की लाल होते.

पाच वर्षांच्या मुलीसाठी दोन कामं आहेत. पहिलं, तिचं चित्र. तिला कापडावर पेन्सिलीने हवं ते काढू द्या. तुम्ही त्याच रेघेवरून उलटी टीप घाला. रेघ जिथे थरथरली तिथे टाकाही थरथरू द्या. दोरा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग सोडत असेल तर तो दोरा वापरू नका, लाल आणि काळा सगळ्यात जास्त फसवतात. दुसरं काम पुठ्ठ्याचा माग. वहीच्या आकाराचा जाड पुठ्ठा, वर आणि खाली एकेका सेंटीमीटरवर खाचा, खाचांची संख्या विषम. जाड सुती दोरा उभा गुंडाळला की ताणा झाला. बाण्यासाठी, म्हणजे आडव्या विणीसाठी, जुन्या ओढणीच्या बोटभर रुंद पट्ट्या. एक वर, एक खाली. परत येताना उलट. पाच वर्षांच्या मुलांना हे पंधरा मिनिटांत कळतं. सगळी मुलं सुरुवातीला पट्टी ओढून धरतात, त्यामुळे कापड मध्ये कमरेत बारीक होतं. होऊ द्या. ती पहिली बारीक झालेली पट्टी आणि सहा महिन्यांनंतरची सरळ पट्टी दोन्ही एकत्र ठेवा. पट्ट्या कुणाच्या कपड्यांच्या आहेत ते मुलीलाच विचारून मागे लिहा.

या दोन्हींपेक्षा मोठं, आणि माझ्या मते खरं जपण्याजोगं काम म्हणजे वाकळ. एवढं ऐकून घाबरू नका, मोठ्या माणसाच्या अंगावरची नव्हे. एक हात रुंद आणि सव्वा हात लांब, बाहुलीच्या नाहीतर मांडीवरच्या मापाची. एका हिवाळ्यात होते. खालचा थर अखंड सुती साडीचा. मधला थर जुन्या चादरीचा. आपली सोलापुरी चादर नवी असेल तर सुईला दाद देत नाही, पण दहा-पंधरा वर्षं वापरून विरलेली चादर मधल्या थराला फार चांगली, आणि घरात एखादी असतेच. एकच पदर घ्या, दुहेरी केली की बोटं सोलतात. वरचा थर तुकड्यांचा: झबलं, वडिलांचा शर्ट, आजोबांचं धोतर, मुलाच्या हाताचा छाप, मुलीचं चित्र. तुकडे कुठे लावायचे ते मुलांनी जमिनीवर मांडून ठरवायचं. तुमच्या मुलीने सगळे निळे एका कोपऱ्यात लावले तर तसेच लावा.

कापड निवडताना एक फसगत होते. आपल्याकडे गणवेश शिवणारे कारखाने इतके आहेत की चिंध्या वजनावर सहज मिळतात, आणि आया हौसेने पिशवी भरून आणतात. ते कापड बहुतेक टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण असतं. कडा सुटतात, सुती साडीला जोडलं की धुतल्यावर साडी आटते आणि ते आटत नाही, मग शिवण चुण्या धरते. ओळखायचं असेल तर मुलं नसताना एक दोरा काडीने पेटवा. सुताची कागदासारखी राख होते, टेरिकॉटचा कडक मणी उरतो. सुती तेवढं घ्या आणि सगळे तुकडे आधी एकदा धुऊन घ्या.

थर एकमेकांवर पसरून कोपऱ्यांवर वजनं ठेवा, मोठे कच्चे टाके घाला, मग कडेपासून आत धावदोरा घालत या, दोन ओळींत बोटभर अंतर ठेवून. तुमची मुलगी या जाडीतून सुई काढू शकणार नाही. तिला कडेची एक ओळ बारदानाच्या वेगळ्या पट्टीवर बोथट सुईने घालू द्या आणि ती पट्टी वाकळीच्या मागे शिवून टाका. बारदान आधी धुवा, नाहीतर त्याचे तंतू नाकात जातात. मुलाला दोऱ्याचं रीळ धरायला द्या. अडीच वर्षांच्या मुलाला हे काम फार मोठं वाटतं. शिवण संपली की सुया मोजून डबीत. मी आजही मोजते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या आसपास मणी, टिकल्या, बटणं नकोत. दहा रुपयांच्या चमकीच्या डबीवरही माझा राग आहे, ती डोळ्यांत जाते.

वहीची पानं चिकटली ती मेणाच्या खडूंमुळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त गरम होतं, मेण मऊ पडतं आणि समोरच्या पानाला धरतं. मधे बटर पेपर घाला आणि गठ्ठा खालच्या कपाटात आडवा ठेवा. खडू टिकाऊ आहेत, उजेडात उडतात ते स्केच पेन. त्यांची चित्रं भिंतीवर लावलीत तर दोन उन्हाळ्यांत फिकी होतात. सेलोटेप कागदावर कधीच नको. ती पिवळी पडते, सुटते आणि डाग ठेवून जाते. खळ किंवा फेव्हिकॉल पातळ करून वापरा. सगळी चित्रं ठेवायची नसतात. महिन्यातलं एक, मुलाने निवडलेलं, पुरे. मागे पेन्सिलीने तारीख आणि मूल चित्राबद्दल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत.

आणि सोनोग्राफीचे फोटो जपले असतील तर आजच बघा. ते उष्णतेवर उमटणाऱ्या कागदावर असतात आणि काही वर्षांत पुसट होतात. लॅमिनेशनला दिलेत तर यंत्राच्या उष्णतेने सगळा काळा होतो. चांगल्या उजेडात फोटो काढून घ्या, साध्या फोटोच्या कागदावर छापून घ्या आणि मूळ प्रत अंधारात ठेवा.

संक्रांतीचं थोडंसं. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने जपून ठेवायचा प्रयत्न सगळ्या करतात आणि सगळ्यांकडे मुंग्या येतात. हलवा काढून टाका. मागची पुठ्ठ्याची पट्टी आणि जरीचा दोरा ठेवा, पुढच्या बाळाला त्यावर नवा हलवा ओवता येतो. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेत, सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या पाहून आल्यावर मुलं आठवडाभर घरात काठ्या कमरेला लावून फिरतात. त्याच आठवड्यात एक काठी, रंगीत कागद आणि दोरा समोर ठेवा. काही सांगायची गरज पडत नाही.

सासूबाईंच्या पसाऱ्याचं म्हणणं मला चूक वाटत नाही. जमिनीवर एक ठरलेली जुनी चादर अंथरा. काम त्या चादरीच्या आतच. वीस मिनिटं झाली की चारही कोपरे धरून गाठोडं उचला. लहान मुलं त्याहून जास्त वेळ बसतही नाहीत. पण सासूबाईंना नुसतं शांत करू नका, कामात घ्या. धावदोरा त्यांना येत असणार. तुम्ही दोन ओळी घाला आणि त्यांच्यासमोर ठेवा. माझ्या अनुभवात कुठल्याही आजीला वाकडी ओळ बघवत नाही. फक्त मुलीच्या ओळीला त्यांनाही हात लावू देऊ नका.

ठेवायला सुती कापडाची पिशवी आणि लोखंडी ट्रंक. घट्ट प्लास्टिकमध्ये पावसाळ्याची ओल कोंडते. वाळलेला कडुलिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत बांधून टाका, पानं कापडाला लागली तर डाग पडतात. डांबराच्या गोळ्या मुलांच्या कपड्यांत नकोत. काही बाळांच्या रक्तात एका एन्झाइमची कमतरता असते, जी घरच्यांना माहीतही नसते. अशा बाळाला त्या गोळ्यांच्या वासाच्या कपड्यात गुंडाळलं तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. दिवाळीनंतर एकदा सगळं उघडून ऊन दाखवा, तासभर, उलट्या बाजूने.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की सासूबाईंच्या आईची इरकल साडी आहे, ती वाकळीसाठी कापावी का. आधी त्यांना विचारा, आणि हो म्हणाल्या तर कात्री त्यांच्याच हातात द्या. साडी उजेडासमोर धरून बघा. जिथून उजेड जाळीसारखा येतो तिथे धागा संपलाय, तो भाग सोडा. चांगल्या भागातून एकच तुकडा घ्या, वीतभर. काठ साडीतच विणलेला असतो, तो उसवत नाही, म्हणून त्याच्या कडेने सरळ कापून घ्यायचा. वाकळीला चारही बाजूंनी लावायला तो पुरेल.